एक इकडचा, एक तिकडचा

रविवारी दुपारी मी काळा सदरा आणि काळी अर्धी चड्डी चढवून, कापडी पिशवीत बूट टाकून निघालो की बायको स्वयंपाकघरातूनच विचारायची, आज किती लोकांच्या शिव्या खाऊन येणार, म्हणजे तेवढ्या पोळ्या कमी टाकते. हे ती दर रविवारी विचारायची आणि मी दर रविवारी चिडायचो, कारण तिचं म्हणणं खरं होतं. आठवडाभर सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत साहेबाचं ऐकायचं आणि सुटीच्या दिवशी धंतोलीतून सायकल मारत जाऊन अख्ख्या गावाचं ऐकून घ्यायचं, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. मी मात्र हा उद्योग अठरा वर्षं केला. पहिली काही वर्षं हौसेनं आणि पुढची हट्टानं.

कॉलेजात असताना मी राइट हाफ खेळायचो. गुडघा गेला, पण मैदान सुटेना, म्हणून रेफरीची परीक्षा दिली. साठचं दशक संपत आलं होतं. तेव्हाच्या नागपुरात फुटबॉल म्हणजे मिलवाल्यांचा, रेल्वेवाल्यांचा, कामठीवाल्यांचा आणि वस्त्यावस्त्यांतल्या पोरांचा खेळ होता. आमच्या गल्लीतली मंडळी क्रिकेटची कॉमेंटरी ऐकणारी. सरकारी नोकरीतला माणूस फुटबॉलच्या शिट्ट्या फुंकत हिंडतो, याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीनं लावून टाकला होता. काहींनी तर बायकोकडे माझ्या तब्येतीची चौकशीही केली होती.

मला खरं तर न्यायाची हौस होती. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा तसंच होतं. कचेरीत कोणाची फाइल वर सरकते आणि कोणाची ढिगाखाली दबते, हे मी रोज बघत होतो आणि त्यात माझं काही चालत नव्हतं. मैदानावर सत्तर मिनिटं माझं चालणार होतं. डोळ्यांना जे दिसेल ते आणि तेवढंच मी वाजवणार, मग समोर कोणी का असेना. असा तोरा घेऊन मी उतरलो होतो.

आमच्याकडच्या मैदानांना कुंपण नसायचं. मुरमाच्या जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली असायची आणि लोक त्या रेघेवरच बैठक मारायचे. मध्यंतरापर्यंत रेघ पुसून गेलेली असे. कॉर्नर मारणाऱ्याला धावायला जागा हवी असेल तर आधी चार म्हाताऱ्यांना हात धरून उठवावं लागे. लोक खेळ समजणारे होते, हे कबूल करतो. ऑफसाइड झाला की लाइन्समनच्या आधी त्यांना कळायचं. फक्त आपल्या टीमचा ऑफसाइड त्यांना उभ्या जन्मात दिसला नाही. मी मैदानात पाय ठेवला की आरोळी यायची, आला बे पितरांचा कावळा. पहिल्या वर्षी मला त्याचा राग आला. पुढे माझी मुलंही घरात तसंच म्हणायला लागली, तेव्हा मी रागावायचा नाद सोडला.

पहिली दोन वर्षं मी खरोखरच डोळ्यांना दिसेल ते वाजवलं आणि त्याची फळं भोगली. एकदा एका वस्तीच्या मैदानावर त्याच वस्तीच्या टीमविरुद्ध मी शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी दिली. बॅकनं दोन्ही हात लांब करून बॉल अडवला होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. मारणारा बॉल ठेवतो न ठेवतो तोच लोक आत आले. मला कोणी बोटही लावलं नाही. त्यांनी गोलपोस्ट हलवून हलवून उपटलं, चौघांनी खांद्यावर घेतलं आणि वस्तीत घेऊन गेले. आता पेनल्टी मारायची कशात? मी तिथं शिट्टी हातात धरून उभा राहिलो, आणि मग हवा सोडलेली सायकल ढकलत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फुटबॉल संघटनेच्या सेक्रेटरीनं बोलावून घेतलं. मला वाटलं पाठ थोपटतील. ते म्हणाले, निर्णय तुमचा बरोबर होता हो, पण मॅच कुठं आहे? मी नियम सांगायला लागलो तर त्यांनी तारखांचा कागद पुढे सरकवला. ही मॅच आता पुन्हा कुठं बसवू, तेवढं नियमात बघून सांगा, म्हणाले. त्या मोसमात माझ्या तीन मॅचेस अशा अर्ध्यावर मोडल्या, आणि पुढच्या मोसमात मला शाळकरी पोरांच्या मॅचेस मिळायला लागल्या.

तेव्हा मी गार्डसाहेबांकडे गेलो. गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड आणि शहरातले सगळ्यात जुने रेफरी. आम्ही सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांची मॅच कधी मोडत नसे. त्यांनी बशीत चहा ओतून घेतला आणि मला एकच गोष्ट शिकवली, जी कोणत्याही पुस्तकात नव्हती.

"पब्लिक काहून भांडते गा? तू खोटा म्हणून नाही भांडत. तू एकट्याले धरलं म्हणून भांडते. एकाले धरशील तं सारे त्याच्या मागं उभे राहतीन. दोघाइले धर. एक इकडचा, एक तिकडचा. मग दोन्हीकडचे म्हनतीन, रेफरी साला पागल आहे, पण बराबर पागल आहे."

मी विचारलं, दुसऱ्याचा कसूर नसेल तर? त्यांनी चहा संपवला. कसूर शोधला की सापडतो, म्हणाले. आणि दुसरा निवडताना सीधा माणूस निवडायचा, सीधा माणूस तमाशा करत नाही. त्यांच्या बोलण्यात कसलाही दुष्टपणा नव्हता. सुतारानं पोराला रंधा धरायला शिकवावं, तसं ते मला शिकवत होते.

तेव्हा पिवळी-लाल कार्डं आमच्या मैदानापर्यंत पोचली नव्हती. ताकीद द्यायची म्हणजे खेळाडूला जवळ बोलवायचं आणि वहीत त्याचं नाव लिहायचं. मैदानाबाहेर काढायचं म्हणजे बोट दाखवायचं. मी जोडीनं नावं लिहायला लागलो. पहिल्या पाच मिनिटांत एक इकडचा, एक तिकडचा. फ्री किक एकीकडे दिली की पुढची संशयाची दुसरीकडे. आणि काय सांगू, जादू झाल्यासारखी माझी एकही मॅच मोडेना. हाच माणूस मॅच सांभाळतो, असं लोक म्हणायला लागले. ते ऐकलं की मी विषय बदलायचो, पण मोठ्या मॅचेस मिळत होत्या आणि मी त्या घेत होतो.

हा रोग घरापर्यंत आला. मुलं भांडली की मी दोघांना एकेक धपाटा घालून मोकळा व्हायचो. ज्यानं मारलं त्याला मारा, ज्यानं मार खाल्ला त्याला कशाला, असं बायको म्हणाली. मी म्हणालो, घर शांत झालं की नाही? ती मार खाल्लेल्याला घेऊन आत गेली.

ज्या मॅचबद्दल मला खरं सांगायचं आहे, ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. ऑक्टोबरचं ऊन होतं. एका स्थानिक स्पर्धेचा उपांत्य सामना, एका मिलची टीम आणि एका वस्तीची टीम. मैदान वस्तीला लागूनच, त्यामुळे पब्लिक सगळं वस्तीचं. वस्तीचा सेंटर हाफ तिथला लाडका गडी, अंगानं आडवा आणि डोक्यानं गरम. मिलकडे एक लेफ्ट बॅक होता. त्याला मी दोन-तीन मोसमांपासून बघत होतो. पंचविशीचा, सडपातळ. फाउल झाला तर शिट्टीबरोबर हात वर करून मागं फिरायचा. बाकीचे माझ्याभोवती घोळका करून वकिली करायचे, तेव्हा हा आपल्या जागेवर जाऊन उभा असायचा. त्याचा आवाज कसा आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात एक-एक अशी बरोबरी असताना सेंटर हाफनं बॉल जवळ नसताना मिलच्या फॉरवर्डच्या नडगीवर लाथ घातली. माझ्यापासून दोन पावलांवर. फॉरवर्ड खाली पडला आणि दोन्हीकडचे धावून आले. मिलच्या गोलकीपरनं येऊन वस्तीच्या एकाला ठोसा मारला, तोही मी पाहिला. लेफ्ट बॅक मागून पळत आला. त्यानं आपल्याच एका माणसाला एका हातानं कमरेला विळखा घालून मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं समोरच्याला दूर ठेवलं. तो सोडवत होता. हे मला स्पष्ट दिसलं. गर्दी होती, धूळ होती, घाई होती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण मला दिसलं होतं.

तोवर रेघेवरचे लोक उभे राहिले होते, आणि रेघ तर केव्हाच पुसून गेली होती. त्या बाजूच्या लाइन्समननं झेंडा काखेत मारला होता आणि तो हळूहळू मागं सरकत होता. सेंटर हाफला बाहेर काढणं भाग होतं, पण त्याला एकट्याला काढलं असतं तर पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळं पब्लिक आत आलं असतं. कोणाचं तरी डोकं फुटलं असतं, कदाचित माझं. दुसरा माणूस हवा होता. न्यायानं तो गोलकीपर. पण गोलकीपर तोंडाळ. त्यानं गोलपोस्टला मिठी मारून बसकण मारली असती, मिलवाल्यांनी टीम बाहेर काढली असती आणि मॅच तिथंच संपली असती. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो आणि लेफ्ट बॅकपाशी थांबलो.

मी सेंटर हाफला बोट दाखवलं आणि लगेच, श्वासही न घेता, लेफ्ट बॅकला बोट दाखवलं. त्यानं छातीवर हात ठेवून, मी का, असं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. तो मग वळला आणि चालायला लागला. सेंटर हाफ अजून हातपाय झाडत होता, पण मिलचाही एक माणूस मुकाट्यानं बाहेर चालला आहे हे दिसल्यावर त्याच्याच लोकांनी त्याला ओढून नेलं. म्हातारे खाली बसले. मला कोणीतरी हरामखोर म्हणालं, आणि खेळ सुरू झाला.

मॅच पूर्ण झाली. शेवटी मिलनं एक गोल मारला आणि मॅच जिंकली, तरीही वस्तीचे लोक शिव्या देत का होईना, आपापल्या घरी गेले. मिल खूश, कारण फायनल मिळाली. सेक्रेटरी खूश, कारण तारीख बिघडली नाही. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फायनल तुम्हीच खेळवायची, असं सांगितलं. किती वर्षांपासून मी फायनलची वाट बघत होतो. मला आनंद झाला. तो लपवून मी आज साळसूद बनणार नाही.

त्या आनंदावर पाणी पडायला तासभरही लागला नाही. माझा दुसरा लाइन्समन त्याच मिलमध्ये हजेरी लिहायचा. मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना त्यानं मला सांगितलं की तो लेफ्ट बॅक पाच वर्षांपासून बदली कामगार आहे. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी मिलच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर आल्या पावली परत. त्याचं गाव रामटेककडे, घरी थोडी धानाची शेती, ती भाऊ बघतो. बायको आणि लहान मुलगी तिकडेच, कारण इथं हा चार जणांबरोबर एका खोलीत राहतो. पुढच्या महिन्यात मिलची टीम बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. जे बदलीवाले त्या टीममध्ये जातील त्यांना कायम करायचं, असं मिलच्या साहेबांनी कबूल केलं होतं. याचं नाव त्यात होतं. मैदानाबाहेर काढलेल्याचं प्रकरण शिस्तीच्या समितीपुढे जातं आणि बंदी बसली तर माणूस कुठंच खेळू शकत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. तुम्ही रिपोर्ट जरा बघून लिहा, एवढंच लाइन्समन म्हणाला.

दोन दिवसांत रिपोर्ट द्यायचा असे. मी पहिल्या रात्रीच लिहिला आणि खरा लिहिला. गोलकीपरचा ठोसा लिहिला. लेफ्ट बॅक भांडण सोडवत होता, मैदान शांत राहावं म्हणून मी त्याला बाहेर काढलं, त्याची काहीही चूक नाही, असं स्पष्ट लिहिलं. सकाळी तो कागद घेऊन गार्डसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त पुढचं सांगितलं. हा कागद गेला की वस्तीवाले म्हणणार, जो रेफरी स्वतःच खोटं बोट दाखवल्याचं कबूल करतो त्याचं सेंटर हाफबद्दल तरी काय खरं? तोही सुटणार. मिलची जिंकलेली मॅच रद्द होणार. आणि उद्यापासून बाहेर काढलेला प्रत्येक जण म्हणणार, मी दुसरा होतो, जोडीसाठी घेतलेला. यातला एकही शब्द खोडून काढता येत नव्हता, आणि त्याचाच मला संताप आला. फायनलबद्दल ते काही बोलले नाहीत. ती माझी मलाच आठवली.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. लेफ्ट बॅकबद्दल त्यात एकच ओळ होती. प्रतिस्पर्ध्याची कॉलर धरून हाणामारीत भाग घेतला. अक्षर माझं चांगलं होतं, कचेरीतही सगळे तसं म्हणायचे.

आठवड्याभरानं, डबा खायच्या सुटीत, तो कचेरीत आला. सायकल स्टँडपाशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा मी जिना उतरता उतरता राग गोळा करत होतो. हा आता रडणार, बायकामुलांचं सांगणार, पाया पडणार, आणि मी त्याला समितीत काय ते बोल म्हणून वाटेला लावणार. त्यानं यातलं काहीही केलं नाही. मिलचं, नोकरीचं, मुलीचं नावही काढलं नाही.

"समितीची चिठ्ठी आली साहेब, परवा बोलावलं आहे," तो म्हणाला. "तुम्हाले काय दिसलं होतं, तेवढं सांगा. म्हंजे मी तिथं उलटसुलट नाही बोलनार."

त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या सायकलींकडे बघत सांगितलं की तू त्यांच्या एकाची कॉलर धरली होतीस. त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला की तुम्हाले तसं दिसलं असन. मी चहाला विचारलं, तर पाळीची वेळ झाली म्हणून तो गेला.

त्या दिवशी दुपारभर मी त्याच्यावरच चिडलेलो होतो. हा माणूस भांडत का नाही? माझी गचांडी का धरत नाही, चार लोक घेऊन का येत नाही, सेक्रेटरीच्या दारात जाऊन का बसत नाही? त्यानं एक शिवी दिली असती तरी मला सोपं गेलं असतं. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, झालं काय आहे? मी तिच्यावर खेकसलो. तिनं ताट वाढलं आणि मुलांना बाहेर खेळायला पाठवून दिलं.

समिती एका शाळेच्या वरच्या मजल्यावर बसायची. तीन सदस्य, लाकडी बाकं, भिंतीवर नकाशे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. आधी सेंटर हाफ. त्याच्याबरोबर क्लबाचे अध्यक्ष, तीन साक्षीदार आणि एक वकील काका. लाथ नव्हतीच, पाय घसरला, मैदानाचा मुरूम निसरडा, रेफरीचं तोंड उन्हाकडे, फॉरवर्ड जन्माचा नाटकी, असं तासभर चाललं. सदस्य घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी दोन मॅचेसची बंदी ठरली. अध्यक्ष दोन मॅचेसवरही कुरकुरतच बाहेर गेले.

मग तो आत आला. एकटा. मिलनं कोणालाच पाठवलं नव्हतं. ते जिंकले होते, लेफ्ट बॅकच्या जागी दुसरा गडीही मिळाला होता. समितीच्या प्रमुखांनी माझी ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, तू कॉलर धरली होतीस का?

तो उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेबाइले तसं दिसलं असन तं मी नाही म्हनत नाही."

प्रमुखांनी मान हलवली आणि कबूल, असं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, रेफरींना आणखी काही सांगायचं आहे? खोलीत आम्ही पाच जण होतो. वस्तीचे लोक गेले होते, तिथं दगड मारायला कोणी नव्हतं, पुसलेली रेघ नव्हती, सांभाळायला मॅच नव्हती. शब्द तोंडाशी आले होते. मी म्हणालो, रिपोर्टमध्ये सगळं आहे.

उरलेल्या मोसमाची बंदी. सेंटर हाफला थोडक्यात सोडल्यासारखं झालं होतं, तेव्हा कोणावर तरी कडक दिसायला हवं होतं, हे मला बसल्याजागी कळलं. तेही आपल्या परीनं तोलच सांभाळत होते. त्यानं समितीला नमस्कार केला, मला केला आणि जिन्याकडे गेला.

मी कागद गोळा करायचं सोंग करत दोन मिनिटं बसलो. मग मला बसवेना. जिना जवळजवळ पळतच उतरलो. तो फाटकाशी सायकलचं कुलूप काढत होता. मला धाप लागली होती. रेफरीला इतक्याशा पळण्यानं धाप लागू नये, पण लागली होती. मी त्याच्या सायकलचं हँडल धरलं आणि सांगून टाकलं. तू कोणाचीही कॉलर धरली नव्हतीस. तू सोडवत होतास, मी बघितलं होतं, त्या वेळेलाच बघितलं होतं. मॅच मोडू नये म्हणून मला एक माणूस तिकडचा पाहिजे होता आणि तू भांडणार नाहीस हे मला माहीत होतं. हे सगळं मी एका दमात बोललो, आणि बोलल्यावर मला हलकं वाटलं. होय, हलकं वाटलं. एवढा मी नालायक होतो.

त्यानं कुलूप हातातच धरून ठेवलं. पहिल्यांदा तो माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघत होता.

"मी नव्हतं धरलं, हे मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्हाले माहीत नाही, असं वाटत होतं मले."

उद्याच सेक्रेटरीला भेटतो, लेखी देतो, मिलच्या साहेबांना स्वतः जाऊन सांगतो, असं मी काहीबाही बोलायला लागलो. त्यानं ते ऐकून घेतलं. मग हँडलवरचा माझा हात हळूच बाजूला केला. दुपारच्या पाळीला कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचं, आणि त्यासाठी त्याला भोंग्याच्या आधी फाटकावर पोचायचं होतं.